कोंबड्याच्या फुलाचं बी

आई गं,

तू गेल्यानंतरची ही पहिली भाऊबीज. काल बेडश्याच्या माहेराहून वडगावला परत आले ती फुरंगटूनच. एक गोष्ट तुला सांगायचा मान माझा होता, तोही मंगलवहिनीनं पटकावला. म्हणून हे पत्र.

अंगणातले तुझे कोंबडे यंदाही फुललेत! गर्द तांबडे, मखमली, पंज्याएवढे तुरे. खरं सांगू? तुझ्यामागे ते नीट येऊ नयेत, असं मला मनातून वाटत होतं. तर शेजारची सखूमावशी ओवाळणीआधीच म्हणते, "सासूचा हात सुनंला आला, बाई!"

सुनेला? नाक तुझं, आवाज तुझा, रागही तुझाच घेऊन जन्मले मी. मग हात तेवढा तिला कसा गेला?

किती वर्षं बी मागितलं तुझ्याकडे! दर दिवाळीला तू वाळलेले तुरे सुपात घालून ओट्यावर ठेवायचीस. मी म्हणायचे, "आई, थोडं बी दे ना." तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस आणि माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायचीस. ती पाठ मला किती लागायची, ठाऊक आहे तुला?

मग मी कामशेतहून पाकीट आणायचे. गॅलरीतल्या कुंडीत भरपूर शेणखत, दोन्ही वेळा पाणी. नुसता पाला माजायचा, नाहीतर रोप बुडातून कुजून मान टाकायचं. शाळेत मुलांना मी झाडांचे धडे शिकवते, आणि घरी ही तऱ्हा!

वहिनीनं मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी गोठ्यामागे ओळ लावली. तिला तू शेजारी बसवून दाखवलंस. बी राखेत कालवून पसरायचं, वर चिमूटभरच माती. पावसाचा जोर ओसरला की रोपं उंचवट्यावर हलवायची. ऊन खाऊ द्यायचं, बुडाशी पाणी साठू द्यायचं नाही. हे सगळं मला तिच्या तोंडून कळावं?

काल न राहवून विचारलंच, जरा कुचकटपणे. "तुला बरं दिलं आईनं बी?"

ती हसायलाच लागली. "दिलं कुटं, वन्सं? मी चोरलं! मागून लावलेलं धरत न्हाई, चोरलेलंच धरतं, आमच्यात बी हीच रीत. द्यायचं न्हाई, चोर म्हून सांगायचं न्हाई, नुसती पाठ करून बसायचं. आत्याबाई तुमच्यासाटीच सूप भाईर ठिवायच्या. तुमी गेल्या की तुरं बघायच्या आन मनायच्या, 'औंदा बी न्हाई नेलं गं माज्या नंदीनं.'"

आई! इतकी वर्षं तू वाट पाहिलीस? आणि मी शहाण्यासारखी मागत बसले! पण हळहळलीस ती तिच्यापाशी. माझ्यासाठीची हळहळसुद्धा तिच्याच वाट्याला. कशी जळणार नाही मी?

मग वहिनीनं सूप ओट्यावर आणून ठेवलं. माझ्याकडे पाठ केली आणि तांदूळ पुढ्यात ओढले. "लय खडं हायती औंदा," एवढंच म्हणाली.

एरवी पोरांनी खडू उचलला तरी ओरडणारी मी! एक तुरा चोळला, काळं चकचकीत बी मुठीत घेतलं आणि रुमालात बांधलं. ती वळली नाही.

निघताना चप्पल घालत होते, तर आतून तिचा आवाज आला. तुझ्या फोटोपुढं उभी होती. "नेलं वो, आत्याबाई. नेलं एकदाचं."

मला तिथेच रडू फुटलं. आणि रागही आला. ते मी सांगायचं होतं ना तुला? आता माझ्याकडूनही ऐक. आई, मी नेलं.

पुढच्या दसऱ्याला माझ्या गॅलरीतला पहिला तुरा तुझ्या फोटोला वाहीन. वहिनीच्या तुऱ्यापेक्षा बोटभर मोठाच असेल, बघच तू. आणि माझी लेक बी मागायला आली, की तिच्याकडे पाठ करून बसेन.

तुझी चोरटी,
नंदी