छपरातून आलेला दगड

प्रिय धाकटे,

तुला ये म्हटलं, तर तू दगड ओळखायच्या खुणा लिहून पाठवल्यास! भाऊजी गेले म्हटल्यावर माणूस आधी येऊन शेजारी बसतो गं. तुझ्या संग्रहालयातले दगड काय पळून चालले होते? असो. राग आहे तो आहेच, पण तू लिहिलंस तसं सगळं करून बघितलं.

लोहचुंबक लावला, चिकटला. दगड लहान, पण हाताला भलता जड. वर काळी पातळ साल. इथवर तुझी उल्काच. शेजारीण म्हणते, नशीबवान हो तुमचे हे, आभाळानं नेमकं ह्यांनाच गाठलं. मी तोंडावर दार लावलं. कामावरून येऊन जरा आडवा झालेला माणूस, पत्रा फोडून छातीत दगड. कसलं डोंबलाचं नशीब!

पण लोखंड वितळवल्यावर उरणारी भट्टीची मळीही काळी, जड, आणि लोखंड राहिलं असेल तर चुंबकाला चिकटते, हेही तूच लिहितेस. मग मी काय समजायचं? बुडबुड्यांची भोकं असली तर मळी, बोटानं दाबल्यासारखे खळगे असले तर उल्का. फुटक्या कोपऱ्यावर बारीक काहीतरी आहे. भोकं की खळगे, माझ्या चष्म्याला कळत नाही.

त्या संध्याकाळी कारखान्यात मळीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. त्यावर उकळती मळी ओतली आणि बार उडाला. कारखानावाले म्हणतात, तुकडे कुंपणाच्या आतच पडले. निम्मी वस्ती म्हणते, त्याच वेळी आभाळात उजेडाची रेघ दिसली. ज्याला जे सोयीचं ते.

मला कारखान्याशी भांडायचं नाही. त्या दिवशी खड्ड्यावर आपला थोरला होता. मळी ओतायच्या आधी खड्डा कोरडा आहे का बघायचं काम त्याचं. बापाला पोचवून आल्यापासून धड जेवत नाही. दगड हातात घेऊन बसतो, आणि उठताना तो फुटका कोपरा भिंतीकडे करून ठेवतो. मावशीचं पत्र आलं का, एवढंच विचारतो. कोपऱ्याचा तुकडा फोडून सोबत पाठवतेय. नीट बघ आणि खरं काय ते मला एकटीला लिही. पण त्याच्यासाठी वेगळा कागद लिही, आभाळातलाच आहे म्हणून, खाली सही करून. तुकडा बघायच्या आधी तो कागद लिही. शनिवारच्या आत दोन्ही मला मिळाले पाहिजेत.

तुझीच,
ताई