खडखड गेलेली गाडी

चौल, मंगळवार, दिवेलागण

माझा दोस्त नारायण गेल्यापासून त्याची गाडी त्याची लेक चालवते. काल ती रेवदंड्याच्या पुलावर दोनदा बंद पडली, म्हणून आज मी दुरुस्तीला घेतली. कॅमशाफ्टला ऑइल सोडणारी विजेची झडप, म्हणजे सोलेनॉइड, काढून त्याला बॅटरीची वायर लावली, तर टकसुद्धा वाजेना. त्याच्या ऑइल गाळायच्या जाळीत नुसता काळा चिखल. होडीच्या इंजिनाचं उरलेलं जाड ऑइल गाडीत ओतायची नारायणची जुनी खोड! "अरे, बैलाचं खाणं वासराला घालतोस," मी म्हणायचो. तो हसायचा. "खडखडते, पण चालते ना?"

त्याच्या हातचं ते शेवटचं ऑइल फडक्याने पुसून काढलं. फडकं अजून टाकलेलं नाही. का ठेवलंय, कोण जाणे.

धुतल्यावर सोलेनॉइड टकटक बोलू लागला. नवं ऑइल भरलं आणि खडखड पार गेली. आनंद व्हायला हवा होता, पण गाडी पोचवायला निघालो तर वाटभर कान तीच खडखड शोधत होते.

दारात गाडी लावली तरी नारायणची बायको बाहेर आली नाही. "वहिनी!" म्हणून हाक मारली तेव्हा धावत आली.

"भावजी, आलात कधी? वळणावर यांची खडखड ऐकली की मी चहा टाकते. आज ऐकूच आली न्हाय."