रिबातमधली एक बाई

अब्बा, जेद्दात सुतारकाम करत तुम्ही इतकी वर्षं ज्या जुन्या घरात काढलीत, ते मी आणि अम्माने पाहिलं. तुम्हाला जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. मी लग्न होऊन जेद्दातच अझीझिया भागात राहत होते, दोन हजार पाच-सहाच्या सुमारास अम्मा व्हिजिट व्हिसावर आली. उमरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आता तुझा बाप राहायचा ते घर दाखव." मला वाटलं, आठवण येत असेल बिचारीला. कसली आठवण! तिला शहानिशा करायची होती.

तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावातला एक जण सुट्टीवर आला तेव्हा आपल्या पडवीत चहा पिऊन बोलून गेला होता, "भाभी, तुमचा माणूस तर बायकांच्या रिबातमध्ये राहतो." रिबात म्हणजे काय, ते अम्माला कोण सांगणार? बायकांच्या, एवढंच तिने धरून ठेवलं. त्यात तुम्ही रजेवर आलात की स्वतःच्याच दारात उभं राहून मोठ्याने "या सातिर" म्हणायचात आणि मग आत यायचात. परक्या घरात शिरताना तिथले पुरुष असं म्हणतात, आतल्या बायकांनी डोकं झाकून घ्यावं म्हणून. अम्मा चुलीपुढून पुटपुटायची, "आपल्या घरात कोण असा हाक देऊन येतो? तिकडची सवय, दुसरं काय!" मग तुमच्यापुढे ताट आदळायची. तुम्ही मुकाट जेवता आहात आणि मी दोघांच्या तोंडाकडे बघते आहे, हे अजून दिसतं मला.

तर आम्ही बलदच्या, म्हणजे जुन्या जेद्दाच्या, त्या अरुंद गल्लीत गेलो. दाराशी म्हातारा यमनी राखणदार होता. तुमच्या लोकांबरोबर राहून हिंदी शिकलेला. तुमचं नाव सांगितल्यावर त्याने आम्हाला बसायला पुठ्ठा दिला आणि घराची सगळी कथा सांगितली. कित्येक शतकांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या विधवेने ते बांधून वक्फ, म्हणजे धर्मादाय, केलं होतं, जिला कुणी नाही अशा बाईसाठी. एकेक खोली एकेकीची, नमाज-रोजे, शिवणटिपण. पुरुषाने जिन्याची पायरी चढायची नाही. "रिबात म्हणजे बायकांचा मठच म्हण ना," मी अम्माला म्हटलं. पुढे बायका कमी झाल्या, खाली धान्याची पोती आली, मग लाकडी खिडक्या दुरुस्त करणाऱ्या सुतारांना वरच्या खोल्या मिळाल्या.

अम्माने मोडक्या हिंदीत विचारलं, "ये लोग रहते थे, तब कोई औरत थी क्या?"

"एक थी," तो म्हणाला.

अम्माने माझं मनगट घट्ट धरलं.

"सबसे ऊपर. अंधी थी बेचारी, बहुत बुढ्ढी. घर छोड़ने को तैयार नहीं. कारपेंटर लोग खुबूस रोटी, पानी देता था. तुम्हारा अब्बा 'या सातिर' बोलके ही चढ़ता था. वो देख नहीं सकती थी, फिर भी ओढ़नी ठीक करती थी." ती वारल्यावरही सुतार जिन्यात थांबून हाक देत राहिले म्हणे. कुणी थांबवलं नाही, म्हणून.

अम्मा पायरीवर बसली. आधी हसली, मग पदर तोंडात कोंबून रडली. "आंधळी म्हातारी गो! आणि मी तिच्यावर जळत बसले!"

"एकदा विचारायचंस ना त्यांना."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं तुझ्या बापाने. खोटं बोलायला त्याला कधी जमलंय? म्हणून तर विचारलं नाही."

परतताना टॅक्सीत म्हणाली, "बापाला सांगू नकोस हां."

"अम्मा, अब्बा आहेत कुठे आता?"

"तरी नको. वाईट वाटेल."

आता आम्ही दोघी गावी असतो. ती खूप थकली आहे. मघाशी तिने विचारलं, "कुणाला लिवतेस गो?" मी म्हटलं, "कुणाला नाही." पूर्वी तुमचा विषय निघाला की ती तासभर तुमच्यावर तोंड सोडायची, मी मुद्दाम काढायचे. आता निघाला की गप्प होते आणि रात्री जेवत नाही. रागावायला काही उरलंच नाही तिच्यापाशी. हे कुणाला बोलले नाही, तुम्हालाच सांगते अब्बा, तिला तिथे नेलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटतं.