बोजा उतरवायला आणलेल्या पैशांचा खुलासा

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
शिवारलक्ष्मी ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित,
शाखा घोडेगाव, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर.

अर्जदार : श्रीमती मालनबाई बन्सी पालवे, वय ६८ (आधार कार्डावर ७१ हाय, ते चुकीचं हाय), राहणार पालवे वस्ती, घोडेगाव शिवार.

विषय : घरतारण कर्ज मुदतीच्या चार वर्षं आधी फेडण्यासाठी आणलेल्या रोख रकमेचा खुलासा, आणि बेबाकी दाखला घटस्थापनेच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : मागल्या गुरुवारी काउंटरवर आपण मला सर्वांसमक्ष दिलेली तोंडी समज.

महोदय,

शिंगणापूरच्या शनिदेवाची शपथ, मोहट्याच्या देवीची शपथ, आन् ह्या दोघांनी भागत नसंल तर माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ घेऊन सविनय सादर करते, की खाली लिहिलेला शब्द न् शब्द खरा हाय. एकसुद्धा वाढीव न्हाई. मी हे मोठ्यानं म्हनत म्हनत लिहिते, म्हंजे शेजारच्या विजयमालेला भिंतीपलीकडं आयकू जातंय. उद्या लागलंच तर ती साक्षीला येईल.

१) प्रथम माफी. गुरुवारी मी शहाण्णव हजार रुपये रोख घेऊन आले. तुमी इचारलं, "आजी, एवढी रक्कम कुठनं आनली?" तवा मी सांगितलं, की माझा मेलेला मालक सपनात आला, त्यानं चुलीमागं उकरायला लावलं, आन् तिथं हंडा निघाला. लायनीतली मानसं हासायला लागली तसा मला चेव आला, आन् मी हंड्यावर नागबी बसवला. तुमी हासला न्हाई. तुमी म्हनला, "खुलासा लेखी द्या, न्हाईतर मला हे भरून घेता येत न्हाई." साहेब, हंडा नव्हता. आमच्या घरात आता चूलच न्हाई, गॅस हाय. खरं सांगायची लाज वाटली म्हनून मी हंडा काढला. ती लाज खाली कलम पाचात येती, तवर धीर धरावा ही विनंती.

२) घर माझ्या नावावर, म्हनून कर्जबी माझ्या नावावर. तीन वर्सांपूर्वी दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, तवा आपल्या संस्थेनं घर तारण घेतलं, मुदत सात वर्सं. पन हप्ते मी कधी भरले न्हाईत. माझा मुलगा गोरक्षनाथ आन् सून ज्योती दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आन् त्या एका कोयत्याची उचल मुकादम आगाऊ देतो. त्या उचलीतनं वर्साचे हप्ते. म्हंजे मी ज्या स्लॅबखाली पंखा लावून झोपते तो ज्योतीनं वाहिलेल्या मोळ्यांचा हाय.

मागल्या हंगामात ती डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरनं चढताना घसरली. तवापास्नं घागर उचलायच्या आधी ती कंबरंला फडकं आवळती, आन् कुनी बघितलं की सोडती. डाक्टरनं सांगितलं वजन उचलायचं न्हाई. ती म्हनती, "त्याला काय जातंय बोलायला, हप्ता त्यो भरनार हाय का?" येत्या सोमवारी घटस्थापना. त्या दिवशी मुकादम उचल घेऊन दारात येनार. उचल एकदा हातात घेतली की कंबर असो नसो, जावंच लागतं. त्याच्या आत कर्ज फिटलं तर उचल घ्यायचं कारनच उरत न्हाई. माझी सगळी घाई एवढ्यासाठी हाय.

३) तुमी म्हनाल, पैसे भरा आन् घरी जाऊन सांगा. साहेब, माझ्या सांगन्यावर माझ्या घरात कुनी इश्वास ठेवत न्हाई, आन् ही वेळ मीच आनली. गोरखच्या लग्नात मी पावन्यांना सांगितलं हुतं की आमच्या हिरीत एक मासा हाय, तो एकादशीला वर येत न्हाई, त्याचा उपास असतो. चार जनं बॅटरी घेऊन बघायला गेले. एकाचा नवा बूट हिरीत पडला. तो पावना अजून आमच्याकडं जेवत न्हाई. आता मी नुसतं म्हनले, "आज लाईट जानार हाय," तरी ज्योती मोबाईल चार्जिंगला लावत न्हाई. म्हनून मला बेबाकीचा, म्हंजे कर्ज पुरं फिटल्याचा, शिक्क्याचा कागद पाहिजे. माझ्या तोंडानं हे काम व्हायचं न्हाई.

४) आता रकमेचा खुलासा. चौदा महिने मी पाच कामं धरली, सगळी थोड्या थोड्या येळाची. पहाटं हायवेवरच्या ढाब्यावर बाजरीच्या भाकरी, रोज साठ. तिथं एका ट्रक डायव्हरनं एका बैठकीला बावीस भाकरी खाल्ल्या. शपथ घेतली हाय, तर अकरा. तिथनं नऊ वाजता बाळंतिनीच्या घरी, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं. कवा एक घर, कवा दोन. दुपारी कांदा निवडायला. शनवारी शिंगणापूरच्या रस्त्याला बसून रुईच्या पानांचे हार इकायचे.

घरी ह्यातलं काही ठावं न्हाई. हंगामाचे सहा महिने ती दोघं इथं नव्हतीच. आल्यावर मी सांगितलं की भजनाला जाते. गोरखला वाटतं, आईला म्हातारपनी देवाचं याड लागलं. त्यानं मला अहिल्यानगरहून नवे टाळ आनून दिले. ते टाळ पिशवीत घालून मी भाकरी थापायला जाते. लेकाच्या पैशाचे टाळ हायेत, एकदा तरी वाजवावं म्हनून ढाब्यावर वाजवले, तर मालकाला वाटलं मी पगार मागते.

ह्या चार कामांची मला लाज न्हाई. सांधे दुखतात, ते दुखूद्यात.

५) पाचवं काम शुक्रवारचं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आप्पासाहेब म्हनून एक हेडी हाय, म्हंजे जनावरांचा व्यापारी. पहिल्या शुक्रवारी मी तिथं भाकरी-ठेचा इकायला गेल्ते. हेड्याची गाय घ्यायला गिऱ्हाईक कचरतं, त्याला कुनाच्या तरी घरची गाय पाहिजे असती. मी सहज एका गाईच्या पाठीवर हात टाकून उभी हुते, तर एकानं मलाच मालकीन समजून इचारलं. मी बी सांगत बसले. गाय घडीत गेली. आप्पासाहेब माझ्यापाशी आला, म्हनला, "मावशी, भाकरी ऱ्हाऊद्यात. तुमी नुसता कासरा धरून उभ्या ऱ्हावा, आन् रडा."

हे काम, साहेब. मी रडायची. आप्पासाहेबाचा आन् गिऱ्हाईकाचा हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव चाललेला, आन् मी बाजूला डोळ्याला पदर लावून गाईची ख्याती सांगायची. "मी तापात पडले तवा हिनं दावं तोडून घरात येऊन माझं कपाळ चाटलं." "आमचा म्हातारा गेला तवा ही तीन दिस वैरनीला शिवली न्हाई." मी एकेक सांगायची तसा भाव चढायचा. गिऱ्हाईक बदललं की गाय बदलायची, नाव बदलायचं. एका शुक्रवारी माझा मालक तीनदा वारला. जनावरामागं मला दोनशे-तीनशे मिळायचे.

बऱ्याचशा गाई चांगल्या हुत्या. बऱ्याचशा.

पैशापायी रडले असं म्हनले तर ते बी अर्धंच हुईल. मला ते काम आवडायचं. घरी मी तोंड उघडलं की, "झालं सुरू," म्हनत उठून जातात. तिथं परकी मानसं डोळे पुसत आयकायची, एकानं तर मला उसाचा रस पाजला. शुक्रवार कवा उजाडतो असं मला हुयाचं. हे लिहिताना मान खाली गेली हाय.

६) ह्या आषाढात एका शुक्रवारी शेवगावकडची दिपाली नावाची बाई आली. तिशीची असंल. नवरा न्हाई, दोन लेकरं, बचत गटाचे पैसे उचलून पहिली गाय घ्यायला आलेली. परक्या बाप्याशी रुमालाखाली हात द्यायला ती लाजली. सरळ माझ्यापाशी आली आन् माझा हात धरला. "मावशी, मला ह्यातलं काही कळत न्हाई. बाईमानूस म्हनून तुमाला इचारते. तुमी सांगाल ते खरं. गाय कशी हाय?"

इतके महिने मी त्या बाजारात उभी राहिले, पन असं मला कुनी इचारलं नव्हतं. गाय लाथाडी हुती, दोन सडं आटलेली. मी सकाळीच बघितलं हुतं. मी म्हनले, "हरणी हाय माझी. दोन्ही टायमाचं मिळून बारा लिटर देती. पोरीगत सांभाळ, माझे बाई." आन् रडले. ती बी रडली. आप्पासाहेबानं सांगितला तो भाव तिनं एक रुपया न तोडता मोजला. त्यानं खूश होऊन मला तीन हजार दिले. त्या दिवसानंतर मी बाजाराला गेले न्हाई.

पंधरा दिवस मला अन्न गेलं न्हाई. मग एसटीनं तिच्या गावी गेले. तीन हजार तिच्या हातावर ठिवले, सगळं कबूल केलं, वाकून पाया पडले. तिनं मला उठवून उराशी धरलं, म्हनली, "मावशी, तुमी आलात ह्यातच सगळं आलं." शेजारच्या बायका जमल्या, त्यांनी बी डोळ्याला पदर लावला. मला साडी नेसवली. निघताना ती गायसुद्धा हंबरली.

७) तरी मेहेरबान साहेबांनी वरील खुलासा मान्य करून शहाण्णव हजार रुपये भरून घ्यावेत, घराच्या उताऱ्यावरचा बोजा उतरवावा, आन् बेबाकी दाखला शिक्क्यासह सोमवारच्या आत द्यावा, ही नम्र विनंती.

वर लिहिलेला मजकूर खरा व बरोबर आहे.

साहेब, एवढी ओळ लिहिली आन् सही करायला पेन टेकवला, तर सही झाली न्हाई. कालच्या दुपारपास्नं कागद तसाच डब्याखाली दाबून ठिवला हाय. विजयमालेनं भिंतीपलीकडनं दोनदा इचारलं, "काकू, थांबल्या का हो वाचायच्या?" आता पुढचं मी मनातल्या मनात लिहिते.

कलम सहामधलं मी रचलं हाय. तिच्या गावी गेले, हे खरं. पैसे कंबरंच्या पिशवीत हुते, हे बी खरं. परत दिले, हे खोटं.

दिपालीनं मला लांबनंच वळखलं आन् लेकरांना हाक मारली, "आरं, पळा, हरणीची आजी आली हरणीला भेटायला!" तिला वाटलं मला गाईची आठवन आली. मला गोठ्यात नेलं. लेकरं, "हरणी, हरणी," करत हुती, आन् गाय वळून बघत नव्हती. कशी बघंल, ते नाव मी बाजारात उभ्या उभ्या काढलेलं. दिपाली म्हनली, "अजून रुळली न्हाई बघा. तुमच्यावाचून रुसली, म्हनून दूध चोरती. जरा हात फिरवा मावशी, तुमाला वळखंल." मी हात फिरवला. ती गाय मला कशी वळखनार? पन उभी राहिली. दिपाली म्हनली, "बघा, कशी शांत झाली!" मग तिनं मला चहा दिला. दुधाचा. पातेल्यात उरलं त्यात पानी घालून लेकरांना दिला. मी तो चहा प्याले. साडी न्हाई नेसवली, कुनी रडलं न्हाई. तिनं मला एसटीपर्यंत सोडलं आन् म्हनली, "येत जावा." मी "येते" म्हनले, आन् तीन हजार जसे गेले तसे कंबरंला बांधून घरी आले. ते ह्या शहाण्णव हजारांत हायेत. त्यांच्यावाचून कर्ज पुरं फिटत न्हाई, म्हनून मी गप बसले.

आता विनंती बदलते. तीन हजार मी काढून वेगळे बांधलेत, ते भरून घेऊ नयेत. त्र्याण्णव घ्यावेत. आधीच्या शुक्रवारांचं काय करायचं ते मला अजून सुचलं न्हाई, त्या गिऱ्हाईकांची गावंबी मला ठावी न्हाईत. बेबाकी दाखला असा मिळनार न्हाई हे मला कळतं. त्याच्या बदल्यात साध्या कागदावर एवढंच लिहून शिक्का मारून द्यावा, की मालनबाई पालवे हिच्याकडं आता फक्त तीन हजार बाकी. तेवढ्यासाठी कुनी उचल घेत न्हाई. कागद मी ज्योतीच्या हातात देईन, आन् बाकी का राहिली ते तिला तोंडानं सांगीन. तिला पटलं न्हाई तर तिला संगं घेऊन दिपालीकडं जाईन. न्हाईतरी तिला न्यायलाच पाहिजे. एकटी गेले तर मी पुन्हा चहा पिऊन येईन.

आपली खाली मान घालून उभी,
मालनबाई बन्सी पालवे
(सही केली हाय, अंगठा न्हाई)

ठिकाण : पालवे वस्ती, घोडेगाव
दिनांक : १५/०९/२०२५

सोबत :
१) रोख रुपये त्र्याण्णव हजार
२) कर्ज खात्याचं पुस्तक
३) आधार कार्डाची झेरॉक्स