जामीनदाराची सही

मी, वजनकाटे दुरुस्त करणारा, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. अक्षर थरथरलेलं दिसेल, ते वयामुळे. कोणी दडपण आणलं असं समजू नये. दडपण आणायला आधी कोणीतरी घरी यावं लागतं.

मला एकच मुलगी. "मृत्युपत्र नसलं तरी सगळं तिलाच मिळेल," असं वकीलबाई म्हणाल्या. मिळेल हो, पण पुढचं तिला सांगणार कोण? नऊ वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, गळक्या नळासकट मुलीला द्यावं. तिने ते खुशाल विकावं आणि दातांच्या कवळ्या बनवायच्या तिच्या कारखान्याचं कर्ज फेडावं. भिंतींत जीव गुंतवू नये.

२. बँकेत थोडी शिल्लक आहे. बाकीची माझ्या बायकोच्या, म्हणजे हिच्या, शेवटच्या आजारपणात गेली, त्याचं मला दुःख नाही. उरलेल्यातून माझे अंत्यविधी साधेपणाने उरकावेत. कार्डाचं बिल मी मुदतीच्या चार दिवस आधी भरतो, त्यामुळे कोणाचं देणं निघणार नाही. निघालंच तर ती बँकेची चूक समजून भांडावं.

३. माझी हत्यारं आणि वजनांची पेटी शेजारच्या घड्याळवाल्यांना द्यावी. माझा बारीक पेचकस त्यांनी अकरा वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून नेला होता. तोही आता त्यांचाच.

४. मेहुण्यांना काहीही देऊ नये. "भाऊजी, नुसती सही करा, हप्ते मी भरतो," म्हणून त्यांनी मला जामीनदार केलं आणि सातव्या हप्त्याला हात वर केले. ते कर्ज मी फेडलं. माझा क्रेडिट स्कोअर पाचशे नव्वदवर आला. दुकानासाठी साधं यंत्र हप्त्यावर घ्यायला गेलो, तर चार लोकांसमोर मला नाही म्हणाले. फेडीच्या पावत्या निळ्या फायलीत आहेत. हव्या असतील तर मेहुण्यांनी त्या न्याव्यात.

५. क्रेडिट स्कोअर, आठशे अकरा. हा मी सहा वर्षं खपून वर आणला. एक तारीख चुकवली नाही, कार्डाची मर्यादा तिसऱ्या हिश्श्यापलीकडे वापरली नाही, उगाच कर्जाचे अर्ज केले नाहीत, सगळ्यात जुनं कार्ड बंद केलं नाही. ही म्हणायची, "अहो, लोक लेकरांचं कौतुक सांगतात, तुम्ही आकड्याचं सांगता." तो आकडा मुलीच्या नावे करावा असं मी लिहिलं होतं. वकीलबाईंनी ते खोडलं. तो माणसाबरोबरच संपतो म्हणे.

मुलीला कवळ्यांसाठी भट्टी घ्यायची होती. बँक तयार होती, फक्त जामीनदार हवा होता. ती अर्ज घेऊन माझ्याकडे आली.

"बाबा, मी एकही हप्ता चुकवणार नाही."

"तुझा मामाही हेच म्हणाला होता."

"मी मामा आहे का?"

मी सही न करता अर्ज तिच्याकडे परत सरकवला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण पोटच्या पोरीला असं फुंकून बघायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं नाही. हिने "मी करते सही" म्हटलं, पण सगळे व्यवहार माझ्या नावावर, हिला विचारतो कोण? मुलीने दुप्पट व्याजाने खासगी कर्ज काढलं. पुढे ही गेली तेव्हा मुलगी आली, दाराशी बसली आणि न बोलता निघून गेली.

मागच्या वर्षी घड्याळवाले नवी कवळी दाखवत म्हणाले, "काटेवाले, तुमच्या पोरीनेच केलीय. आजवर एक हप्ता चुकवला नाही तिने, पण व्याजात पार पिळून निघालीय हो." मी तडक बँकेत गेलो. म्हटलं, मला स्वस्तात कर्ज द्या, तिचं महागडं फेडून टाकतो. तिथल्या बाईंनी आकडा पाहिला. "काका, असा स्कोअर आमच्या साहेबांचाही नाही!" मग जन्मतारीख पाहिली. "पण या वयात नाही हो देता येत."

"मग जामीनदार तरी करून घ्या."

"तेही नाही, काका."

बाहेरच्या बाकावर बसून मी रडलो. अडीअडचणीला असावी म्हणून पत जपली, आणि अडचण दारात आली तेव्हा मीच तिला परत पाठवलं. घर विकून पैसे देतो, असं पत्र मुलीला टाकलं. ते न उघडता परत आलं.

६. मुलीने घर नाकारलं तर तिच्यावर जबरदस्ती करू नये, पण सोबत जोडलेला कागद तिच्या हातात द्यावाच. तो तिचा तेव्हाचा अर्ज आहे. ती तो टेबलावर टाकून गेली होती, हिने जपून ठेवला. जामीनदाराच्या चौकटीत मी काल सही केली आहे. बँकेला आता तिचा उपयोग नाही. आकडा कमी झाला तर होऊ दे, बेटा.

या मृत्युपत्रावरची सही माझीच आहे याची खात्री करायची असल्यास, त्या अर्जावरची सही पाहावी.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)
२. कोपऱ्यावरचे छापखानेवाले (सही)

घड्याळवाल्यांना हत्यारं मिळणार असल्याने त्यांना साक्षीदार केलेलं नाही. ते बाहेर उभे आहेत.

ठिकाण: राहतं घर
तारीख: ११ मार्च