मागच्या खोलीतल्या विमानाचं काय करायचं

दिनांक ९ मार्च २०२५, रविवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या एकुलत्या एका मुलीने माझ्या घराच्या मागच्या खोलीत विमान डोंगरावर आपटलं, आणि ती हसली. तिचा नवराही हसला. हे मृत्युपत्र मी त्या हसण्यामुळे लिहीत आहे. प्रकृती उत्तम आहे.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, विमान प्रशिक्षण शाळेची निवृत्त सिम्युलेटर प्रशिक्षिका, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. "राग येतो का?" असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येतो, आणि कोणाचा ते नीट आठवतं." मग त्यांनी लगेच शिक्का मारला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा हक्क असलेला माणूस सहा वर्षांपूर्वी गेला, आणि तोही बिचारा हक्क बजावायला घाबरत असे.

कलम १. राहतं घर मुलीला. विनाअट. घरावर अट घालणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत; त्यांच्या मुली घर घेतात आणि आईचा फोटो माळ्यावर टाकतात.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातलं निम्मं मुलीला, निम्मं माझ्या धाकट्या बहिणीला. बहीण म्हणेल, "ताई, कशाला गं?" तिचं ऐकू नये. ती लहानपणापासून नको म्हणत सगळं घेते.

कलम ३. सोल्डरिंग आयर्न, मीटर, तारांची भेंडोळी आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरांचा डबा शेजारच्या रेडिओवाल्यांना. मागच्या खोलीतली तबकडी न् तबकडी त्यांनी आणि मी मिळून संगणकाला जोडली. त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं, पण ज्याला काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये असं वकीलबाईंचं म्हणणं. "मग मला काही नको, सही करतो," असं ते म्हणाले. मी म्हटलं, "गप्प घ्या. दुसरा कोणी त्या डब्याची वाट लावेल."

कलम ४. निरोप समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ शाळेच्या मुख्य प्रशिक्षकांना परत. मला विमानात बसायचं होतं. "बाई जमिनीवरच्या खोक्यात जास्त शोभतील," असं त्यांनी ठरवलं. त्या खोक्यात, म्हणजे सिम्युलेटरच्या नकली विमानात, मी शेकडो पोरांना ढगातून वाट काढायला शिकवलं. मग जीपीएस आलं आणि त्यांनी माझं खोकं भंगारात काढलं. भंगारवाल्याकडून त्याचा तबकड्यांचा दर्शनी भाग मी घरी आणला; मागच्या खोलीतलं विमान ते हेच. घड्याळ मागे पडतं. त्यांच्याकडेच ठीक दिसेल.

कलम ५. जावईबापूंनी वाढदिवसाला दिलेला जीपीएसचा पडदा त्यांचा त्यांना. माणूस गुणी आहे. पण रविवारी, डोंगराचं प्रकरण झाल्यावर, मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला होता. "आई, ही जुनी तबकडी काढली की पडदा मस्त बसेल बघा." मी म्हटलं, "हात काढा, नाहीतर तुम्हालाच तिथे बसवीन." ते अजून फोनवर अदबीने बोलत आहेत.

कलम ६. मागची खोली. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

माझी मुलगी मालवाहू विमान चालवते. छोटं, दोन पंख्यांचं, डोंगरापलीकडच्या गावांना औषधं आणि सुटे भाग नेणारं. रविवारी जेवताना तिने सहज सांगितलं, मीठ मागावं तसं, की गेल्या महिन्यात वाटेत जीपीएस गेलं. कोणीतरी त्याच्या लहरी जाम करत होतं म्हणे.

"मग काय केलंस?"

"काय करणार? जमिनीवरच्या कंट्रोलरला विचारलं. त्याने दिशा दिली."

"आणि तो बोलला नसता तर?"

"आई, आता जेवू दे ना!"

मी जेवू दिलं. नंतर हात धुवायच्या आत तिला मागच्या खोलीत नेलं, बाजूला ठेवलेल्या जीपीएसच्या पडद्यावर टॉवेल टाकला आणि म्हटलं, सुईवर जा. जमिनीवर एक रेडिओ केंद्र असतं, ते आपल्या नावाची टिकटिक पाठवत राहतं, आणि विमानातली सुई त्याच्याकडे बोट दाखवते. एवढंच. आमच्या धंद्यात रीत अशी की ती टिकटिक कानात चालू ठेवायची, कितीही डोकं उठलं तरी. कारण केंद्र बंद पडलं, तर ही सुई ओरडत नाही, लाल खूण दाखवत नाही. होती तिथेच उभी राहते. मेल्यावरही वाट दाखवत राहते. केंद्र जिवंत आहे हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं.

मुलीने पहिल्याच मिनिटाला आवाज बंद केला. "काय ती कटकट गं!"

मी माझ्या टेबलावरून केंद्र बंद केलं. प्रशिक्षक करतातच असं. सुई जागची हलली नाही, आणि माझी मुलगी त्या मेलेल्या सुईमागे, छान सरळ, हात स्थिर ठेवून (हात तिचे फार चांगले आहेत) डोंगरात गेली.

आणि हसली. "आई, खेळ आहे हा. खऱ्या विमानातसुद्धा आता हे कोणी बघत नाही. ती केंद्रंच एकेक करून बंद करतायत."

कोणाचा गैरसमज नको. जीपीएस वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते सुईपेक्षा कितीतरी अचूक आहे. ढगात वीज चमकली की माझी सुई केंद्र सोडून विजेकडे बघायला लागते, हेही मला ठाऊक आहे. तिच्या खोड्या मी शिकवून शिकवून म्हातारी झाले. पण पडद्यावर आखून मिळालेल्या मार्गाच्या गुलाबी रेघेवर चालणाऱ्याला आपण कुठे आहोत हे विचारायची सवयच राहत नाही. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये गणिताच्या सिस्टर उत्तर बरोबर आलं तरी वही परत फेकायच्या. "कसं आलं ते दाखव." तेव्हा आम्ही त्यांना शिव्या घालायचो. केंद्रं बंद होत आहेत, मान्य. तर मग उरलेली कोणती जिवंत आहेत हे कान लावून ऐकायला नको का?

त्या दिवसापासून मी घरात येरझारा घालते आहे. मंगळवारी तिचं उड्डाण असतं, शुक्रवारी असतं. खिडकी उघडते, बंद करते. फोन उचलून ठेवते. तिच्या विमानाचं चित्र मोबाईलवर सरकताना बघते, तेही जीपीएसच्याच कृपेने, हे मला कळतं, कोणी सांगायची गरज नाही.

म्हणून: मागच्या खोलीतलं विमान, सुया, तबकड्या, खुर्ची आणि माझं टेबल मुलीला मिळेल, जर तिने पडदा झाकून आणि आवाज चालू ठेवून माझ्यासमोर ते डोंगरापलीकडे उतरवलं तर. केंद्र मी केव्हा बंद करीन ते सांगणार नाही. आपटलं तर पुन्हा. पुन्हा आपटलं तर पुन्हा. मला वेळ आहे. ती आलीच नाही, तर रेडिओवाल्यांनी सगळं सुटं करावं.

कलम ७. वकीलबाईंच्या नमुन्यात एक ओळ आहे: "वारस माझ्याआधी मयत झाल्यास ही मालमत्ता ____ यांना मिळावी." वकीलबाई म्हणाल्या, "सगळेच भरतात हो, नुसती पद्धत आहे." मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. ही जागा मी कोरी सोडत आहे. आई आधी जाते, एवढ्याच समजुतीवर मृत्युपत्र उभं असतं. तो क्रम जिला मोडायचा असेल, तिने आपल्या हाताने इथे नाव भरावं.

या मसुद्याची एक प्रत मुलीला पाठवत आहे. नोंदणी एक एप्रिलला आहे.

सही: आई

साक्षीदार: १. दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही). २. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई (सही, "मजकूर वाचला, मुलीची बाजू ऐकलेली नाही" असा शेरा त्यांनी हट्टाने मारला आहे).

स्थळ: मागची खोली. दिनांक: १७ मार्च २०२५.

मुलीस: सोमवार, ३१ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर हवं. येतेस की कलम सात भरतेस, यांपैकी एक. फोनवर, जावईबापूंमार्फत किंवा हसून दिलेलं उत्तर चालणार नाही.