सोनेरी निघालेल्या पिलांबाबत

आदरणीय मबरूक मामा,

दमनहूरच्या दमट हवेत आपले गुडघे आणि मामींचा राग दोन्ही निवळले असोत. आमच्याकडे इबशवायला सगळे खुशाल, फक्त मी सोडून. आपण दिलेला बिगावी जातीचा कोंबडाही खुशाल आहे, आणि माझ्या दुःखाचे मूळ (मू दीर्घ, मी तपासले) तोच आहे.

आपणास ठाऊकच आहे की सुहैरच्या आईने, उम्म बदावींनी, अट घातली होती: लग्न पक्के करायची फातिहा वाचण्याआधी मुलाने, म्हणजे मी, आपल्या अंगणात उबवलेली शुद्ध बिगावी पिले दाखवावीत, कारण कोंबड्यांवरून घर कळते. आपल्या कोंबड्याची मान चांदीसारखी, आमच्या कोंबडीचीही तशीच, अंगावर काळ्या रेघा दोघांच्याही रीतसर. पण पिलांना पिसे फुटली तेव्हा तीन सोनेरी निघाली. त्यातही सोनेरी त्या सगळ्या माद्या, नर एकजात चांदीचे (यात काही अर्थ असेल तर मला लागला नाही). आधी वाटले, आमच्या करीमानेच मेंदी लावली असणार. बहीण म्हणून तिला मी ओळखतो. म्हणून तिन्ही पिले साबणाने चोळून धुतली. रंग होता तसाच राहिला, आणि करीमा हसून हसून खाली बसली.

उम्म बदावी नेमक्या ठरल्याच्या आदल्या दिवशी आल्या. खुराड्यात डोकावून म्हणाल्या, "बाप कोण रे यांचा?"

मी घाबरून वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि दोघांचा धंदा सांगितला.

"कोंबड्यांचा विचारतेय, शाबान."

"तो आईच्या माहेरचा."

"मग खोट तिकडचीच," असे म्हणून त्या चहा तसाच ठेवून उठल्या (साखर विरघळलीसुद्धा होती). तेव्हापासून गोष्ट कोंबड्यांपुरती राहिलेली नाही. काल पाववाल्याने मला, माझ्या आईच्या आईचे केस कुठल्या रंगाचे होते, असे विचारले. आईला अजून काही सांगितलेले नाही.

आपला गोंधळलेला भाचा,
शाबान

ता. क. गुरुवारच्या फातिहाआधी येऊन उम्म बदावींसमोर शपथ घ्यावी की कोंबडा अस्सल आहे. कोंबड्याची आजी सोनेरी असल्यास ते फक्त मला कळवावे.

आणखी ता. क. करीमा आत्ताच गिरणीवरून सुहैरचा निरोप घेऊन आली: "मला सोनेरीच हव्यात. आईकडच्यासारख्याच कोंबड्या राखायच्या तर लग्न कशाला करू?" तेव्हा आपण शपथ नक्की कशाची घ्यावी हे मला कळेनासे झाले आहे. तरी यावे. कोंबड्याविषयी कुणी विचारलेच, तर खोकावे.